पुसलेली चूक परत का येते? मराठी विकिपीडियावरचं समस्या निवारण

लेखातली चुकीची ओळ काढली, पान जतन केलं, चार दिवसांनी पाहतो तर ओळ पुन्हा जागेवर. मराठी विकिपीडियावर थोडंफार लिहिणाऱ्या प्रत्येकाची कधी ना कधी ही तक्रार असते. तिला मिळणारं उत्तरही ठरलेलं: प्रचालकांना (पानं सुरक्षित करण्यासारखे जास्तीचे अधिकार असलेल्या सदस्यांना) सांगा, पान सुरक्षित करून घ्या. काही वेळा तेवढ्यानं भागतं. पण परत येणाऱ्या प्रत्येक चुकीमागे कुणी खोडसाळ माणूस बसलेला असतो, हा समज आधी सोडा. पुष्कळ चुका भलत्याच वाटेनं येतात: विकिडेटा या सामायिक माहितीसाठ्यातून, अनेक लेखांत वापरल्या जाणाऱ्या साच्यातून, इंग्रजी लेखाच्या भाषांतरातून, नाहीतर विकिपीडियावरूनच उचललेल्या बातमीतून. ती वाट उघडी असेल तर पानाला कितीही कुलपं घाला, चूक येतच राहते.

म्हणून खाली लक्षणांवरून निदान दिलं आहे. तुमच्या पानावर जे दिसतंय तो भाग वाचा. पहिला भाग मात्र सगळ्यांसाठी आहे.

आधी ओळीच्या येण्याची तारीख शोधा

चुकीची ओळ पानावर नेमकी कोणत्या दिवशी आली, हे कळल्याशिवाय ती काढू नका (शिवीगाळ आणि खासगी माहिती सोडून, ती लगेच काढा). तारीख कळली की तीन गोष्टी हाती लागतात. ओळ घालणाऱ्यानं त्या सुमारास आणखी कुठे हात मारला ते दिसतं. त्या ओळीवर नंतर किती चांगले बदल चढले आहेत ते कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्या तारखेनंतर छापलेला कुठलाही संदर्भ संशयित ठरतो. हे तिसरं कारण पुढे सविस्तर येईलच.

शोधायची रीत सोपी आहे. ‘इतिहास पहा’ उघडा, साधारण मधली आवृत्ती काढा. ओळ तिथे असेल तर त्याच्या अलीकडचा भाग सोडून द्या आणि जुन्या अर्ध्या भागातली मधली आवृत्ती उघडा. नसेल तर नवा अर्धा भाग घ्या. दर वेळी निम्मा ढीग बाजूला पडतो, त्यामुळे पाचशे आवृत्त्यांचं पानही नऊ-दहा टिचक्यांत संपतं. हेच काम करणारी विकिब्लेमसारखी अवजारं आहेत, पण मराठीत ती अनेकदा हात वर करतात. कारण गमतीदार आहे. ‘ऑ’ आणि ‘ॲ’ यांसारखी अक्षरं, ‘ऱ्या’तला अर्धा र, जोडाक्षरांमध्ये लपलेले न दिसणारे जोडक, हे सगळं वेगवेगळ्या कळफलकांवरून वेगवेगळं टंकलं जातं. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, यंत्राला दोन दिसतात. तेव्हा शोधायला पूर्ण वाक्य देऊ नका. जोडाक्षर नसलेला, साधा, तीन-चार अक्षरांचा तुकडा निवडा. आकडा शोधायचा असेल तर देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंकांत शोधा. एखाद्या सदस्यानं सगळ्या पानाचे आकडे एका झटक्यात देवनागरीत बदललेले असतात आणि शोध तिथेच अडकतो.

आकड्यांच्या या घाऊक बदलाकडे आणखी एका कारणासाठी लक्ष द्या. पन्नास आकडे इंग्रजीतून देवनागरीत आणताना त्यातला एक हळूच बदलला, तर फरक दाखवणारं पान रंगानं इतकं भरून जातं की तो एक आकडा कुणाच्या डोळ्यांत येत नाही. मुद्दाम केलेल्या बदलाला ही चांगली आडोशाची जागा आहे.

लक्षण: शिव्या, थट्टा, रिकामं केलेलं पान

हा सगळ्यात सोपा प्रकार, आणि यावरच सगळ्यात जास्त बोललं जातं. ‘उलटवा’ दाबा, झालं. फक्त दोन अडचणी येतात.

पहिली: शेवटचा बदल उलटवला आणि समाधानानं निघून गेलात, पण त्याच्या आधीचा बदलही त्याच माणसाचा होता. म्हणजे तुम्ही पान बिघडलेल्याच एका आवृत्तीवर नेऊन ठेवलंत, आणि वर तुमच्या चांगल्या नावाचा शिक्काही मारलात. आता पुढचा गस्त घालणारा तुमचं नाव पाहून पान सोडून देतो. सांगकाम्यानं, म्हणजे आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रॅमनं, मध्येच एखादा वर्ग जोडला किंवा जागा नीट केल्या तरी हेच होतं. ‘अलीकडील बदल’मध्ये वर सांगकाम्या दिसतो आणि खालचा उत्पात झाकला जातो. उलटवण्याआधी निदान मागच्या सात-आठ बदलांची नोंद वाचायची सवय लावा. द्रुतमाघारीचा अधिकार असेल तर शेवटच्या सदस्याचे सलग सगळे बदल एकदम मागे जातात, पण त्याच माणसानं मध्ये खातं बदललं असेल तर द्रुतमाघारही तिथेच थांबते.

दुसरी: ‘मधल्या बदलांमुळे हे संपादन उलटवता येत नाही’ असा संदेश येतो. घाबरू नका. चांगली जुनी आवृत्ती उघडा, तिची ताज्या आवृत्तीशी तुलना करा आणि बिघडलेला परिच्छेद तेवढा हातानं परत आणा. सगळंच पान जुन्या आवृत्तीवर नेलंत तर मधल्या काळात कुणीतरी मेहनतीनं घातलेले संदर्भ उडतात आणि त्याचा राग तुमच्यावर निघतो. तो राग रास्तही असतो.

इंग्रजी विकिपीडियावर क्लूबॉट एनजी नावाचा सांगकाम्या २०१० पासून उघड उत्पात आपोआप परतवतो, शिवाय हजारो माणसं चोवीस तास पहाऱ्याला असतात. आशिया चषकात ४ सप्टेंबर २०२२ रोजी पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगकडून झेल सुटला आणि त्याच्या इंग्रजी लेखात देशाच्या जागी ‘खलिस्तान’ लिहिलं गेलं. तिथे ते काही मिनिटांत परतवलं गेलं, तरी तेवढ्या वेळात काढलेले स्क्रीनशॉट देशभर फिरले आणि केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं विकिपीडियाकडे खुलासा मागितला. मराठीत तितके डोळे नाहीत. निवडणूक, मोठा सामना, एखाद्याचं निधन किंवा वादग्रस्त चित्रपट असं काही घडलं की संबंधित दोन-चार लेख त्याच संध्याकाळी पहाऱ्याच्या सूचीत टाका. सगळ्या विकिपीडियावर नजर ठेवण्यापेक्षा हे जमण्यासारखं आहे.

आणि ‘कखग’, ‘नमस्कार मी इथे आहे’ छापाच्या बदलांना उत्पात म्हणू नका. तो माणूस कळफलक चालतो का ते पाहत असतो. त्याला धूळपाटीचा, म्हणजे सरावाच्या पानाचा, दुवा द्या. पहिल्याच दिवशी लाल त्रिकोणाचा इशाऱ्याचा साचा चिकटवल्यामुळे परत न फिरकलेले लोक आपल्याला नंतर फार लागतात.

लक्षण: बदल शून्य बाइटचा, कुणाला दिसतच नाही

‘अलीकडील बदल’मध्ये प्रत्येक नोंदीपुढे कंसात मजकूर किती वाढला-घटला तो आकडा असतो. गस्त घालणारे मोठ्या आकड्यांकडे धावतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असल्यानं साधी एक ओळ घातली तरी दोन-तीनशेची वाढ दिसते. उलट १८६५ चं १८५६ केलं तर आकडा शून्य. मृतांची संख्या, जन्मसाल, मतांची आघाडी, धरणाची उंची, किल्ल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची असे बदल वर्षानुवर्षं टिकतात ते याचमुळे. शिवी दुसऱ्या दिवशी जाते, चुकलेलं साल शाळेच्या प्रकल्पात जातं.

उपाय कंटाळवाणा आहे: शून्याच्या आसपासचे, सारांश (काय बदललं ते सांगणारी छोटी नोंद) न लिहिलेले, नवख्या खात्याचे बदल मुद्दाम उघडून पाहा. एकाच खात्यानं वेगवेगळ्या विषयांच्या पाच-सहा लेखांत फक्त आकडे बदललेले दिसले तर एकही संदर्भ न तपासता सगळे मागे न्यायला माझी हरकत नसते. फक्त क्रिकेटपटूंच्या धावा आणि बळी तेवढे वगळा. तिथे नवख्या खात्याचा आकडा बऱ्याचदा बरोबर असतो, लेख जुना असतो.

गावांच्या लेखांतला लोकसंख्येचा आकडा हे वेगळंच प्रकरण. २०११ नंतरची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे कुणी ‘२०१८ नुसार लोकसंख्या’ असं लिहून गोल आकडा दिला असेल तर तो अंदाज आहे, नाहीतर अभिमान. तो काढा, २०११ चा आकडा वर्षासह ठेवा. सरपंचांचं नाव दर निवडणुकीला बदलतं आणि बदलणारे दोन गट असतात. ते नाव मुळातच लेखात ठेवू नये असं माझं मत.

लक्षण: मजकूर तोच, बदलणारा दर वेळी नवा

इथे दोन शक्यता. एक म्हणजे खरंच एकच माणूस. खातं न काढता लिहिणाऱ्यांच्या नावाजागी पूर्वी आयपी पत्ता दिसायचा. २०२५ पासून त्याऐवजी तात्पुरतं खातं दिसू लागलं. त्याची सुरुवात एका नागमोडी चिन्हानं आणि सालानं होते. हे खातं ब्राउझरमधल्या कुकीला बांधलेलं असतं. कुकी पुसली की माणूस नवा. मोबाइलच्या जाळ्यावर शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, म्हणून पत्त्यावर बंदी घातली तर सोलापूरच्या एकासाठी साताऱ्याचे दहा अडकतात. अशा वेळी माणसाऐवजी मजकूर अडवा. तोच वाक्प्रयोग पुन्हा येत असेल तर प्रचालकांकडे संपादन गाळणीची (ठरावीक मजकूर असलेला बदल आपोआप अडवणाऱ्या नियमाची) मागणी करा आणि मागणीत परत येणारा मजकूर जसाच्या तसा द्या. नुसतं ‘त्रास होतोय’ म्हटल्यावर कुणी गाळणी लिहू शकत नाही.

दुसरी शक्यता अधिक वेळा खरी निघते: बदलणारी माणसं वेगवेगळी आहेत, प्रामाणिक आहेत आणि त्यांना खरोखरच तसं वाटतं. शिवाजी महाराजांची जन्मतारीख हे ठळक उदाहरण. महाराष्ट्र शासनानं २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तिचा मोठा आधार जेधे शकावलीत आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. त्याआधी कित्येक पिढ्या वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ ही तिथी शिकल्या, आणि आजही अनेक ठिकाणी तिथीनुसार जयंती होते. जुनं पुस्तक हातात घेऊन १६२७ लिहिणारा माणूस उत्पाती नव्हे. त्याला तीनदा परतवलंत तर चौथ्यांदा त्याचा भाचा येईल.

याच तारखेत आणखी दोन खाचखळगे आहेत. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन पंचांगाची तारीख. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीनं तो दिवस १ मार्च १६३० येतो. कुणी १ मार्च केलं तर तो गणितात चुकलेला नाही, त्यानं पंचांग बदललं आणि सांगितलं नाही. दुसरं म्हणजे शकाचं इसवी सनात रूपांतर. सरसकट ७८ मिळवणाऱ्याला शके १५५१ चं १६२९ मिळतं. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात, आणि फाल्गुन त्यातच पडतो. मराठ्यांच्या इतिहासाच्या लेखांत एका वर्षाचा फरक दिसला की खोडी शोधण्याआधी महिना पाहा.

असा वाद लागलेल्या जागी मी तीन गोष्टी करतो. लेखातच दोन्ही तारखा, कुणी कोणत्या आधारावर मांडल्या ते एका वाक्यात लिहितो. मग संपादन चौकटीत त्या ओळीला लागून दडवलेली टीप ठेवतो: ‘तारीख बदलण्याआधी चर्चा पान पाहा, इथे पंचांगाचा फरक आहे.’ वाचकाला ती दिसत नाही, बदलायला आलेल्याला नेमकी त्याच जागी दिसते. आणि चर्चा पानावर एकदाच सगळं सविस्तर लिहितो म्हणजे पुन्हा टंकायला नको. यातली दडवलेली टीप सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी गोष्ट आहे.

नामांतरांचंही असंच. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये, अहिल्यानगर २०२४ मध्ये अधिकृत झालं. त्यानंतर उत्साही लोक एका झटक्यात शोधा-आणि-बदला चालवतात. त्यात जुन्या पुस्तकांची शीर्षकं, संदर्भांचे दुवे, चित्रांच्या धारिकांची नावं आणि वर्ग हेही बदलले जातात. मग चित्र गायब होतं, वर्ग तांबडा दिसतो, संदर्भाचा दुवा कुठेच जात नाही. हे पाहून दुसरा कुणी सगळंच उलटवतो आणि भांडण राजकीय होतं. खरी दुरुस्ती अशी: चालू काळाबद्दलच्या वाक्यांत नवं नाव राहू द्या, शीर्षकं, दुवे आणि धारिकांची नावं मूळ रूपात परत आणा. बदलणाऱ्याला सांगताना ‘नाव चुकीचं’ म्हणू नका, ‘दुवा तुटतो’ म्हणा. नव्वद टक्के वाद तिथेच विरतो, उरलेला विरणारा नसतोच.

लक्षण: लेखाच्या इतिहासात काहीच नाही, तरी चौकटीत चूक

हा प्रकार पहिल्यांदा भेटतो तेव्हा माणूस चक्रावतो. उजवीकडच्या माहितीचौकटीत भलतीच जन्मतारीख, पण संपादन उघडलं तर तारीख कुठेच लिहिलेली नाही. इतिहासात वर्षभर कुणी हात लावलेला नाही.

कारण बऱ्याच चौकटी माहिती विकिडेटावरून ओढून आणतात. २०१२ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प सगळ्या भाषांच्या विकिपीडियांना एकाच जागेवरून माहिती पुरवतो. तिथे कुणी तारीख बदलली की मराठी लेखात ती आपोआप बदलते, आणि मराठी लेखाचा इतिहास कोरा राहतो. बाजूच्या पट्टीतून विकिडेटाचं कलम उघडा, तिथला इतिहास वेगळा पाहा, तिथेच दुरुस्त करा. पुष्कळदा विधानाखाली संदर्भ म्हणून ‘अमुक विकिपीडियावरून आयात’ एवढंच असतं. तो संदर्भ नव्हे, फक्त पावती. खरा संदर्भ जोडलात तर पुढचा माणूस सहज बदलत नाही. तुमच्या पसंतींमध्ये पहाऱ्याच्या सूचीत विकिडेटावरचे बदलही दाखवण्याची सोय आहे. ती चालू करा.

चौकटीऐवजी भलत्याच चार-पाच लेखांत एकाच वेळी तोच विचित्र मजकूर दिसला तर तो साच्यात घुसला आहे. संपादन पानाच्या तळाशी त्या लेखात वापरलेल्या साच्यांची यादी असते. हाताने एकेक उघडण्याऐवजी ‘संबंधित बदल’ पाहा, गेल्या काही दिवसांत कोणता साचा हलला ते लगेच कळतं. चित्रच बदललेलं असेल तर कॉमन्सवर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक चित्रसाठ्यावर जा, तिथे त्याच नावाखाली नवी आवृत्ती चढवलेली असू शकते.

दुरुस्त केल्यावरही जुनंच दिसलं तर पुन्हा पुन्हा संपादन करू नका. पान साठवणीतून येत आहे. संपादन उघडून काहीही न बदलता जतन करा, पान ताजं होतं आणि इतिहासात नोंदही पडत नाही. शोधयंत्राच्या चौकटीतली जुनी माहिती मात्र तुमच्या हातात नाही, ती आपल्या गतीनं बदलते.

लक्षण: संदर्भ आहे, बातमीही आहे, तरी गोष्ट खोटी

सगळ्यात चिवट रोग हाच, आणि त्याचं औषध म्हणजे सुरुवातीला शोधलेली ती तारीख.

फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग जर्मनीचे आर्थिक व्यवहार मंत्री झाले. त्यांच्या नावात आधीच रांगेनं दहा नावं. कुणीतरी जर्मन विकिपीडियावर त्यात ‘विल्हेल्म’ हे आणखी एक घातलं. बिल्डसह अनेक वृत्तपत्रांनी ते तसंच छापलं. मग विकिपीडियावर कुणी विचारलं, याला आधार काय? दुसऱ्यानं श्पीगल या वृत्तसाप्ताहिकाच्या संकेतस्थळाचा दुवा दिला. त्या संकेतस्थळानं नाव कुठून घेतलं होतं? विकिपीडियावरून. खोटी गोष्ट एक फेरी मारून आली आणि येताना पुरावा घेऊन आली.

मराठीत ही फेरी आणखी सोपी आहे. लेखकाचा जन्मदिन, अभिनेत्याचं निधन, किल्ल्याचा वर्धापनदिन अशा निमित्तानं घाईत लिहिलेल्या टिपणांचा मजकूर बऱ्याचदा विकिपीडियावरून जसाच्या तसा उचललेला असतो. वर्षभरानं तेच टिपण संदर्भ म्हणून लेखात येतं. म्हणून नियम असा ठेवा: वादग्रस्त ओळ पानावर ज्या दिवशी आली, त्यानंतरचा कोणताही वृत्तपत्रीय संदर्भ त्या ओळीसाठी चालणार नाही. त्याआधीचा द्या. मिळाला नाही तर ‘संदर्भ हवा’ लावा, महिनाभर थांबा, मग ओळ काढा, आणि काढताना सारांशात तुम्ही शोधलेली तारीख लिहा. पुढच्या वेळी तीच बातमी घेऊन कुणी आला तर त्याला तो सारांश दाखवता येतो.

आता गोव्याची गोष्ट. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर डिचोलीच्या युद्धाचा एक लेख अवतरला. १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीच्या परिसरात लढाया झाल्या आणि शेवटी तह झाला, अशी साडेचार हजार शब्दांची सुबक मांडणी होती. दोनच महिन्यांत त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला. पुढे पाच वर्षांहून अधिक काळ तो तसाच राहिला. २०१२ च्या शेवटी एका संपादकानं संदर्भांतली पुस्तकं शोधायला घेतली तेव्हा मुख्य पुस्तकं अस्तित्वातच नाहीत असं निघालं आणि लेख काढला गेला. युद्ध सगळंच काल्पनिक होतं.

या प्रकरणाचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं ते एवढ्यासाठी की इतिहासाची जाण असलेल्या कुठल्याही मराठी किंवा गोमंतकीय वाचकाला तो लेख पहिल्या परिच्छेदात खटकला असता. १६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. मराठा साम्राज्य नावाची गोष्ट नव्हती. डिचोली आदिलशाहीत होती आणि पोर्तुगिजांकडे ती कायमची गेली ती अठराव्या शतकात, नव्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी नंतर जिंकलेल्या मुलखात. पण दर्जा ठरवणाऱ्यांनी भाषा पाहिली, रचना पाहिली, तळटीपा आहेत ना ते पाहिलं. तळटीपेतलं पुस्तक कुणी मागवलं नाही.

तुमच्यासमोर असा संशयित लेख आला तर मजकूर वाचण्याआधी संदर्भांची यादी वाचा. पुस्तकाचं नाव ग्रंथालयांच्या सूचीत सापडतं का? प्रकाशकाचं गाव आणि साल जुळतं का? सगळे संदर्भ एकाच पुस्तकाच्या लागोपाठच्या पानांवर जातात का? त्या घटनेचा उल्लेख शेजारच्या लेखांत, म्हणजे त्या गावाच्या, त्या राजवटीच्या, त्या सरदाराच्या लेखांत स्वतंत्रपणे येतो का, की तिथेही त्याच खात्यानं दुवे पेरले आहेत? मराठी विश्वकोशात किंवा जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद नसली म्हणजे गोष्ट खोटी असं नाही. पण दोन सत्तांमधलं वर्षभराचं युद्ध कुणालाच ठाऊक नसावं हे शक्य नाही. केतकरांचा ज्ञानकोश चाळताना मात्र एक भान ठेवा. तो १९२० च्या दशकातला आहे. त्यातली लोकसंख्या, जिल्ह्यांच्या सीमा आणि काही निष्कर्ष शंभर वर्षांपूर्वीचे आहेत, आणि मराठी विकिपीडियावर ते वर्तमानकाळात उतरवलेले सापडतात.

लक्षण: आकडे दसपट कमी, नावं ओळखू न येणारी

भाषांतर अवजाराचा प्रताप. एक मिलियन म्हणजे दहा लाख, घाईत ‘१.५ मिलियन’चं ‘१.५ लाख’ होतं आणि शहराची लोकसंख्या रातोरात दहावा हिस्सा उरते. मैलाचा आकडा ठेवून शब्द किलोमीटर करणं, फुटाचं मीटर करणं, हेही नेहमीचं. या चुका परत येतात कारण कुणीतरी इंग्रजी लेखाचं भाषांतर जुन्या मराठी लेखावर पुन्हा ओततो. सारांशात ‘भाषांतर करून’ असं दिसलं की आकड्यांचे सगळे एकक एकदा पाहा.

ऑगस्ट २०२० मध्ये स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाबद्दल उघड झालेलं प्रकरण इथे आठवतं. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी किशोरवयीन मुलानं तिथले वीस हजारांहून अधिक लेख लिहिले होते. हेतू वाईट नव्हता. कुणी पाहणारं नव्हतं एवढंच.

पान सुरक्षित करण्याविषयी

मागू नका असं म्हणत नाही, शेवटी मागा. कुलूप लागतं तेव्हा जी आवृत्ती असेल तीच गोठते, आणि ती पुष्कळदा चुकीची असते. अर्धसुरक्षेनं नवखी खाती अडतात, जुनी खाती घेऊन भांडणारे अडत नाहीत. मागताना मुदत सांगा: सामना संपेपर्यंत, निकाल लागेपर्यंत. बेमुदत सुरक्षित केलेली पानं वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि त्यांतल्या खऱ्या चुका सुधारायला आलेला माणूस दारावरूनच परत जातो.

हयात व्यक्ती आणि खासगी माहिती

इथे वरची सगळी सबुरी बाजूला ठेवा. मे २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सीगेन्थेलर यांच्या लेखात कुणी थट्टेनं लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते चार महिने तसंच राहिलं. त्यानंतर डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियानं खातं नसलेल्यांना नवे लेख बनवणं बंद केलं. हयात माणसावर आरोप करणारी, संदर्भ नसलेली ओळ दिसली तर ‘संदर्भ हवा’ लावत बसू नका, काढून टाका. खटला चालू असेल तर ‘आरोप’ आणि ‘दोषी’ यांत गल्लत झाली आहे का तेही पाहा.

मोबाइल नंबर, घरचा पत्ता, कुणाच्या मुलाच्या शाळेचं नाव असं काही असेल तर नुसतं काढून भागत नाही, जुन्या आवृत्तीत ते कुणालाही दिसतं. ती आवृत्ती लपवण्याची विनंती करावी लागते. चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या खुल्या चर्चेच्या पानावर, ती कधीही मांडू नका, मांडलीत तर बघ्यांची रांग लागते. प्रचालकांना ईमेलनं कळवा. कायमचं दडवण्याचा अधिकार असलेले स्थानिक सदस्य नसतील तर मेटाविकी या सगळ्या विकिपीडियांच्या समन्वयाच्या संकेतस्थळावरच्या स्टुअर्डांना (सगळ्या भाषांत अधिकार असलेल्या सदस्यांना) खासगीत लिहा. इंग्रजीत दोन ओळी आणि त्या बदलाचा दुवा पुरतो. पानावरून ओळ काढताना सारांशात नंबर, नाव किंवा ‘बदनामीकारक मजकूर काढला’ असं काही लिहू नका. ‘नीटनेटकेपणा’ एवढंच लिहा, कारण सारांशही इतिहासात राहतो आणि तो लपवायला पुन्हा वेगळी विनंती करावी लागते.